इनटेकचं काम: काय बनवून घ्यायचं, काय विकतच आणायचं

इनटेक म्हणजे इंजिनाला बाहेरची हवा पुरवणारी वाट. बाजारात ‘कोल्ड एअर इनटेक’ या नावाने जे किट मिळतं, त्यात बहुतेक वेळा एक चकचकीत नळी, शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर आणि चार क्लिपा असतात. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांवर गेला की हा उघडा फिल्टर बॉनेटखालची, रेडिएटरवरून आलेली तापलेली हवा ओढत बसतो. कंपनीचा फिल्टरचा मूळ डबा मात्र बहुतेक गाड्यांत ग्रिलजवळून किंवा फेंडरमधून बाहेरची हवा घेतो. म्हणजे खर्च करून आपण आधीपेक्षा गरम हवा विकत घेतली. त्यामुळे बनवायचं की विकत घ्यायचं हे नंतर ठरवा. आधी आपल्या गाडीत हवा कुठे अडते आणि किती तापते ते मोजा. खालची उदाहरणं टर्बो नसलेल्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची आहेत.

आधी मोजमाप

गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी चार-पाच मीटर आणा. एका फळीवर तिचा इंग्रजी ‘यू’ करून बांधा, प्रत्येक बाजू किमान ६० सेंटीमीटर उंच ठेवा. अर्ध्या उंचीपर्यंत पाणी भरा आणि दिसायला सोपं जावं म्हणून त्यात थोडी शाई टाका. नळीचं एक टोक थ्रॉटल बॉडीच्या (पॅडलनुसार इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) अगदी आधी, फिल्टरनंतरच्या पाइपला बारीक निपल बसवून जोडा. दुसरं टोक गाडीत मोकळं राहू द्या आणि काच थोडी उघडी ठेवा. वाटेत एक रिकामी बाटली जोडली, तर चुकून वर ओढलेलं पाणी तिच्यात थांबेल. हे निपल थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डवर (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांवर) कधीही लावू नका. तिथली ओढ कित्येक मीटर पाणी उचलण्याइतकी असते, सगळं पाणी इंजिनात जाईल.

मोकळ्या सरळ रस्त्यावर, वेगमर्यादेत राहून, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पॅडल दाबून ६००० आरपीएमपर्यंत जा. शेजारी बसलेल्याने मोबाइलवर नळीचा व्हिडिओ घ्यायचा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक मिलिमीटरमध्ये वाचा. संभाजीनगरची उंची साधारण ५७० मीटर, म्हणजे तिथला हवेचा दाब अंदाजे ९,६५० मिमी पाण्याइतका. म्हणून हिशेब सोपा आहे: दर १०० मिमी फरकाला जेमतेम १ टक्का ताकद. तुमचा आकडा २५० आला, तर सगळा अडथळा शून्यावर आणला तरी हाती अडीच टक्केच लागतील. ९० अश्वशक्तीच्या गाडीत हे दोन-सव्वादोन अश्वशक्ती होतात. आकडा ६०-७० आला, तर पाइपवर खर्चच करू नका.

मग तेच निपल फिल्टरच्या आधी, डब्यात जाणाऱ्या नळीवर लावून पुन्हा वाचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे फिल्टर आणि त्यापुढच्या पाइपने खाल्लेला दाब. बाकीचा तोंडाने आणि आधीच्या नळीने खाल्लेला.

तापमानासाठी ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) पुरतो. इनटेक एअर टेम्परेचरचा (आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा) आकडा उघडा आणि एकसारख्या ६० च्या वेगाने दहा मिनिटं चाला. बाहेरच्या हवेपेक्षा ५ ते ८ अंश जास्त असेल तर मूळ रचना उत्तम आहे. २० अंश जास्त असेल तर कामाला जागा आहे. दर ३ अंशांना हवेची घनता साधारण १ टक्क्याने बदलते. त्यातला जवळपास निम्माच फायदा ताकदीत उतरतो, कारण हवा पुढे इंजिनाच्या हेडमध्ये तापतेच. पण गरम हवेत नॉकिंग (मिश्रण वेळेआधी भडकून होणारी खडखड) सुरू झालं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इग्निशन मागे ओढतं, आणि ते नुकसान वेगळं. जालना रोडवर सिग्नलला थांबून निघाल्यावर गाडी मंद वाटते, त्याचं एक मोठं कारण हेच. आपल्या उन्हात तापमान हाच पहिला मुद्दा आहे, व्यास दुसरा.

नळी किती जाड

१.२ लिटर इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३,०६० लिटर हवा घेतं (८५ टक्के भरण धरून). ६३ मिमी बाहेरचा व्यास आणि दीड मिमी जाडीच्या पाइपात आतला व्यास ६० मिमी, म्हणजे हवेचा वेग सेकंदाला १८ मीटर. या वेगाला दोन मोठ्या वळणांत मिळून १० मिमी पाण्याइतकाच दाब जातो. तीच नळी ७६ मिमीची केली तर वाचतात ५ मिमी, म्हणजे टक्क्याचा विसावा भाग. ‘जाड पाइप म्हणजे जास्त पॉवर’ हे या इंजिनाला लागू पडत नाही.

खरा तोटा पाइपाच्या तोंडाशी असतो. डब्यात सरळ कापून घुसवलेला, धारदार कडेचा पाइप एकट्या तोंडावर १५ ते १७ मिमी खातो, दोन्ही वळणांहून जास्त. त्याच तोंडाला भोंग्यासारखी गोल कड दिली तर हा तोटा एखाद-दुसऱ्या मिलिमीटरवर येतो. ६० मिमीच्या नळीला ९ ते १२ मिमी त्रिज्येची गोलाई पुरे. चिकलठाणा, वाळूज, जालना किंवा लातूरच्या एमआयडीसीत कुठलाही लेथवाला हा भोंगा ॲल्युमिनियमच्या गोळ्यातून काढून देईल. फिल्टरच्या डब्यात, स्वच्छ बाजूला, पाइपाच्या तोंडावर तो बसवा. डब्याची समोरची भिंत तोंडापासून किमान ३० मिमी लांब राहू द्या. घरून करण्यासारख्या कामांत याच्याइतकं समाधानकारक दुसरं नाही.

काय बनवायचं आणि कसं

पाइप, डबा आणि उष्णतेचा आडोसा हे तीन भाग बेलाशक बनवून घ्या. प्रत्येक गाडीची जागा वेगळी असते, तयार किटचे बेंड कुठेतरी घासतातच.

साचा म्हणून ठिबकच्या सबमेनचा ६३ मिमी पीव्हीसी पाइप आणि त्याचेच एल्बो वापरा. कुठल्याही तालुक्याला मिळतात, आणि बाहेरचा व्यास तोच असल्याने माप थेट उतरतं. मात्र हाच पाइप कायमचा ठेवू नका. पीव्हीसी ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि क्लिपखाली दबून सांधा हवा सोडतो. थ्रीडी प्रिंटचा मोह असेल तर पीएलए हे प्लास्टिक अजिबात नको, ते ६० अंशांतच वाकतं. एएसए किंवा एबीएस चालेल.

इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून पाइप आणि बॉडीच्या कुठल्याही स्थिर भागात २० ते २५ मिमी अंतर सोडा. बॉनेटशी किती जागा उरते हे पाहायला पाइपावर घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा ठेवा, बॉनेट लावा, उघडा आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजा. १५ मिमीपेक्षा कमी असेल तर साचा बदला.

ॲल्युमिनियमचे तयार बेंड दीड मिमी जाडीचे घ्या आणि आरगॉन वेल्डिंग करणाऱ्याकडेच जा. सांध्याची फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवी, नाहीतर वेल्डरला जास्त तार भरावी लागते आणि आत मण्यासारखी कड येते. क्रँककेसच्या ब्रीदर नळीसाठी (इंजिनाच्या पोटातली तेलाची वाफ परत इनटेकमध्ये आणणाऱ्या नळीसाठी) निपल आणि तापमान सेन्सरसाठी बुश आताच वेल्ड करून घ्या. ब्रीदर नळी उघडी सोडून तिच्यावर छोटा फिल्टर लावण्याची पद्धत चुकीची आहे. तेलाची वाफ बाहेर जाते, शिवाय मास एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत न मोजलेली हवा आत शिरते.

पाइपाच्या दोन्ही टोकांना उंचवटा हवा. बीड रोलर (असा उंचवटा काढणारं यंत्र) नसेल तर टोकापासून ६-७ मिमीवर वेल्डची एक गोल रेघ ओढून घ्या, २ मिमी उंच. तिच्याविना सिलिकॉनची नळी सुटते, आणि ती सुटते नेमकी इंजिन जोरात हलताना. नळी पाइपावर २५ ते ३० मिमी चढली पाहिजे. सिलिकॉन कपलर आणि चांगल्या क्लिपा विकतच आणा. सायकलच्या ट्यूबचे तुकडे बॉनेटखाली एका उन्हाळ्यात तडकतात.

डबा पत्र्याचा करायचा तर धान्याच्या कोठ्या बनवणारा कारागीर शिवण इतकी साफ घालतो की वेल्डिंगची गरज पडत नाही. फक्त रिव्हेट फिल्टरच्या स्वच्छ बाजूला नकोत. ढिल्या झालेल्या रिव्हेटचा तुकडा थेट व्हॉल्व्हवर जातो, टर्बोच्या गाडीत पंख्यावर. फायबरचा डबा थर्मोकोलच्या साच्यावर करणार असाल तर इपॉक्सी रेझिन घ्या. पॉलिएस्टर रेझिन थर्मोकोल विरघळवून टाकतं.

हवेचं तोंड ग्रिलमागे, रेडिएटरच्या पुढे किंवा बाजूला ठेवा, आणि मूळ तोंडाच्या उंचीखाली मुळीच नेऊ नका. बंपरखाली नेलेलं तोंड पावसाळ्यात ओढ्यावरच्या पुलावर पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

काय विकतच घ्यायचं

फिल्टर. याबाबत तडजोड नाही. काळ्या मातीची धूळ, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनच्या मळणीयंत्रांमागचा धुरळा, कापसाच्या गाड्यांमागचे कच्चे रस्ते, हे सगळं तुमच्या पिस्टन रिंगांपर्यंत जाण्यासाठी टपलेलं आहे. ९९ टक्के धूळ अडवणारा फिल्टर १ टक्का आत सोडतो, ९७ टक्के अडवणारा ३ टक्के. कागदावर दोनचा फरक, इंजिनात तिप्पट धूळ. पाकिटावर आयएसओ ५०११ या एअर फिल्टरच्या चाचणीचा आकडा नसेल तर कंपनीचाच कागदी फिल्टर घ्या. जास्त हवा हवी असेल तर याच मेकच्या मोठ्या इंजिनाचा चपटा फिल्टर निवडून डबा त्याच्या मापाने बनवा. घड्यांचं क्षेत्रफळ वाढलं की अडथळा कमी होतो, गाळणं तेच राहतं. तेल लावलेला कापडी फिल्टर वापरत असाल तर तेल मोजूनच लावा. जास्तीचं तेल उडून मास एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं.

हा सेन्सर असलेल्या गाडीत तो ज्यात बसतो तो मूळ प्लास्टिकचा तुकडा, म्हणजे सेन्सरचं घर, जसाच्या तसा ठेवा. फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या पाइपावर वायरिंगचा सॉकेट असेल तर बहुधा तोच तो, मात्र तो नुसता तापमान सेन्सरही असू शकतो. घराचा आतला व्यास ६० मिमीवरून ६४ मिमी केला तर क्षेत्रफळ जवळपास १४ टक्क्यांनी वाढतं, सेन्सरपाशी हवा सावकाश होते, ईसीयू १२ टक्के हवा कमी मोजतं आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. सेन्सरच्या आधी सरळ नळीचा किमान १०० मिमी तुकडा ठेवा; वळणाला लागून बसवला तर आकडे नाचतात. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या गाडीत ही भानगड नाही.

थ्रॉटल बॉडी आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्या वाटेला ट्यूनिंगशिवाय जाऊ नका. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा व्यास वाढवला की ईसीयूच्या हिशेबातलं पॅडल आणि प्रत्यक्षातली हवा जुळत नाही, कमी वेगात गाडी झटके देते. मॅनिफोल्ड बनवणं अशक्य नाही, पण १० ते १२ मिमीची फ्लँज वेल्डच्या उष्णतेने वाकते. ती जाड प्लेटवर बोल्टने आवळून वेल्ड करावी लागते, नंतर मिलिंग करून ०.१ मिमीच्या आत सपाट करावी लागते. शिवाय नव्या लांबीच्या रनरला (मॅनिफोल्डच्या नळीला) नवं मॅपिंग, म्हणजे ईसीयूची नवी मांडणी लागते. तेवढी तयारी नसेल तर ट्यूनरने सांगितलेला तयार भाग घेणंच स्वस्त पडतं. वॉरंटीतल्या गाडीला यातलं काहीही करण्याआधी अटी नीट वाचा.

बसवण्याआधी आणि नंतर

वेल्डिंग झालेला पाइप आतून तारेच्या ब्रशने घासा, गरम साबणपाण्याने धुवा, वाळवा आणि पांढरं फडकं आरपार ओढा. फडक्यावर एकही कण दिसेनासा होईपर्यंत धुणं थांबवू नका.

मग दोन्ही टोकं रबरी बुचांनी बंद करा. एका बुचात पंक्चरवाल्याकडचा ट्यूबलेस वॉल्व्ह बसवा. पायपंपाने ३ पीएसआयपर्यंतच हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावा. काँप्रेसर नको, बूच तोंडावर उडतं.

गाडीवर बसवल्यावर दोनेकशे किलोमीटर चालवून ओबीडीवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतंय तो आकडा) बघा. आधीच्या आकड्यापासून ५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. १० टक्क्यांहून वर गेला तर सांधा हवा ओढतोय किंवा सेन्सरचं घर बिघडलंय. पी०१७१ हा पातळ मिश्रणाचा कोड येण्याची वाट पाहू नका, तो फार उशिरा येतो. आधी घेतलेले पाण्याचे आणि तापमानाचे आकडे त्याच रस्त्यावर, त्याच वेळी पुन्हा घ्या. सकाळी मोजून दुपारशी तुलना केली तर सगळा हिशेब फसवा निघतो.

शेवटची तपासणी धुळीची. सेन्सरनंतरच्या पाइपात, थ्रॉटलच्या आधी, पांढऱ्या ग्रीसचा नाण्याएवढा पातळ थर बोटाने लावा. ५०० किलोमीटरनंतर तो पुसून दोन बोटांत चोळा. कचकच लागली तर कुठेतरी फिल्टर चुकवून हवा येतेय. बहुतेक वेळा दोष वेल्डिंगचा नसतो, डब्याच्या झाकणाखाली फिल्टरची रबरी कड एका कोपऱ्यात नीट दबलेली नसते. झाकण काढून त्या कडेवर धुळीची तपकिरी रेघ कुठून सुरू होते ते शोधा, तिथे आणखी एक क्लिप बसवा आणि ग्रीस पुन्हा लावून आणखी ५०० किलोमीटर जाऊ द्या.