सात-बारा पाहता तशी कंपनी पाहा : लेस्टरची चालू कंपनी घेतानाचा अनुभव

मूर्तिजापूर तालुक्यात आमची डाळ मिल आहे, बाबांनी टाकलेली. आमची तूरडाळ मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत इंग्लंडमध्ये लेस्टरला जायची, तिथले एक गुजराती काका ती पॅक करून दुकानांना द्यायचे. काकांचं वय झालं, पोरांना धंद्यात यायचं नव्हतं, त्यांनी मलाच विचारलं की कंपनी घेतोस का. मी बी.कॉम., बाकी सगळं या व्यवहारात शिकलो, आणि आता आपल्या भागातली दोनचार पोरं विचारतात म्हणून लिहितो.

बाबांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "वावर घेताना आपण सात-बारा पायतो, बोजा पायतो, याचा बोजा कुठं पायला तू?" खरं सांगतो, अख्ख्या व्यवहारात याच्याइतका कामाचा प्रश्न कोणी विचारला नाही.

तिकडे कंपनीचा सात-बारा म्हणजे कंपनीज हाऊस, कंपन्यांची नोंद ठेवणारं तिथलं सरकारी कार्यालय. वेबसाइटवर कोणत्याही कंपनीचं नाव टाका, डायरेक्टर कोण, मालकी कोणाची, मागच्या वर्षांचे हिशोब, आणि कंपनीवर कोणाचा चार्ज म्हणजे बोजा आहे, सगळं फुकट दिसतं. काकांच्या कंपनीवर एका बँकेचा जुना चार्ज दिसला. कर्ज कधीच फिटलेलं, पण फिटल्याची नोंद कोणी टाकली नव्हती, आपल्याकडं सोसायटीचं कर्ज फेडल्यावर बोजा तसाच राहतो ना, अगदी तसं. ती नोंद टाकल्याशिवाय पुढं जायचं नाही असं मी ठरवलं आणि काकांनीही वाईट मानलं नाही.

आता मुख्य गोष्ट, इथं नवीन माणूस फसतो. शेअर विकत घेतले तर कंपनी जशीच्या तशी येते, तिचे करार, तिचं नाव, आणि तिची जुनी देणीसुद्धा. तीन वर्षांपूर्वीचा व्हॅट थकला असेल तर तो आता तुमच्या कंपनीने भरायचा. दुसरा रस्ता म्हणजे फक्त मशिन, माल, गिऱ्हाईक, नाव एवढंच घ्यायचं, त्यात जुनी देणी बहुतेक विकणाऱ्याकडेच राहतात, पण गोडाऊनचं भाडेपत्र आणि प्रत्येक करार नव्याने करावा लागतो. आणि कामगारांचं काय, तर धंदाच हातात आला म्हणजे २००६ च्या टूपे, म्हणजे धंद्याचा मालक बदलला तरी कामगारांना सांभाळणाऱ्या तिथल्या नियमांनी ते त्यांच्या जुन्या अटींसकट तुमच्याकडे येतात, त्यांना काढून मोकळं होता येत नाही. काकांकडे पॅकिंगच्या कामावर दोन बाया होत्या, त्या मला हव्याच होत्या, आणि सगळे करार नव्याने करायचे नव्हते, म्हणून मी शेअरच घेतले. मात्र तिथल्या सॉलिसिटरकडून, म्हणजे वकिलाकडून, करारात वॉरंटी लिहून घेतल्या, म्हणजे कर थकलेला नाही, कोर्टात केस नाही अशी काकांची लेखी हमी, आणि ९०,००० पौंडांपैकी १५,००० नंतर द्यायचे ठरवले. हे नंतर द्यायचे पैसे पहिल्याच करारात मुदतीसकट लिहिलेले पाहिजेत, आपले भारतातले नियम तेच मागतात.

भारताच्या बाजूने मात्र मी फार धडपडलो. २०२२ च्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांप्रमाणे परदेशी कंपनीत असा पैसा घालणं म्हणजे ओडीआय, परदेशातली थेट गुंतवणूक. एका माणसाला एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसा पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा, त्यातच हे बसतं. घरच्यांची मर्यादा जोडायची तर त्यांनाही भागधारक करावं लागतं. बँकेचं कर्ज काढून हा पैसा पाठवता येत नाही. आणि आधी बँकेत फॉर्म एफसी भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख नंबर, मिळवायचा, मग पैसा. आमच्या जवळच्या शाखेत मला कोणीतरी म्हणालं, घरखर्चासाठी पाठवतो असं लिहून टाका, लवकर जाईल. तसं केलं असतं तर परवानगीशिवाय केलेली गुंतवणूक ठरली असती, म्हणून मी नागपूरच्या शाखेत गेलो, तिथं हे काम रोज होतं. तीन चकरा पडल्या पण काम सरळ झालं.

एक अट तर कोणीच सांगितली नव्हती. आपण एकट्या माणसाने जी परदेशी कंपनी ताब्यात घेतो तिच्याखाली दुसरी उपकंपनी असून चालत नाही. काकांच्या कंपनीखाली गोडाऊनसाठी काढलेली एक बंद पडलेली कंपनी होती! अकोल्याच्या सीएने पकडलं, काकांनी ती आधी स्वतःच्या नावावर करून घेतली.

टीसीएसचाही, म्हणजे पैसा पाठवतानाच बँक आगाऊ घेते त्या कराचाही, हिशोब आधी करा. एलआरएसमध्ये वर्षाला १० लाखांच्या वर अशा गुंतवणुकीला २०% लागतो, म्हणजे ५० लाख पाठवले तर ४० लाखांवर ८ लाख बँक वेगळे घेते. ते रिटर्नमध्ये वळते होतात हो, पण तोवर अडकतात, आणि नेमकं तेव्हाच तुरीचा हंगाम असला तर खरेदीला पैसे कमी पडतात. माझे पडले.

करार झाल्यावर स्टॉक ट्रान्सफर फॉर्म, म्हणजे शेअर नावावर करायचा कागद, त्यावर ०.५% स्टॅम्प ड्युटी, ९०,००० वर ४५० पौंड, ३० दिवसांत. पण कायद्याने मालक तुम्ही तेव्हाच, जेव्हा कंपनीच्या मेंबर रजिस्टरमध्ये, म्हणजे भागधारकांच्या वहीत, तुमचं नाव चढतं, फेरफार झाल्यासारखं. डायरेक्टर व्हायचं तर १८ नोव्हेंबर २०२५ पासून कंपनीज हाऊसकडे ओळख पडताळणी करावीच लागते, ती आधीच करून ठेवा.

कंपनी घेतली म्हणून तिथं राहायचा व्हिसा मिळत नाही, हे तर गावातल्या दहा जणांना समजावलं मी. व्हिजिटर म्हणून बोलणी, सह्या चालतात, तिथं बसून धंदा सांभाळता येत नाही. म्हणून काका एक वर्ष पगारावर थांबायला तयार झाले, तेही करारात घातलं.

आता दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत बँकेमार्फत वार्षिक अहवाल द्यायचा, आणि रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायचं, ते राहिलं तर ब्लॅक मनी कायद्याखाली १० लाखांचा दंड येऊ शकतो. पुढं मी ही कंपनी विकली तर पैसे ९० दिवसांत भारतात आणायचे आणि आल्यापासून ३० दिवसांत बँकेला कळवायचं. काकांचे १५,००० पौंड अजून द्यायचे आहेत, त्याची तारीख बाबांनी मिलच्या कॅलेंडरवर स्वतः लिहून ठेवली आहे.