तासिका तत्त्वावरचं पहिलं वर्ष आणि झेरॉक्सची धास्ती

नाशिकच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला लागले, तेव्हा नेमलेल्या समीक्षाग्रंथाच्या ग्रंथालयात दोनच प्रती होत्या आणि वर्गात साठ मुलं. सुरगाण्याहून येऊन खोली करून राहणाऱ्या मुलाला ‘पुस्तक विकत घे’ म्हणायला जीभ रेटेना. कॉलेज रोडवरून दोन प्रकरणांच्या झेरॉक्स काढून वाटल्या. ‘मॅडम, हे बेकायदा आहे,’ असं एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. मी घाबरले आणि पुढचा महिनाभर फळ्यावर उतारे लिहीत बसले. मुलांचा तो महिना गेला, याचं आजही वाईट वाटतं.

मग कायदाच वाचायला घेतला. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला अध्यापनाच्या ओघात मजकुराची प्रत काढू देतं. प्रश्नपत्रिकेत उतारा घ्यायलाही मुभा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला होता. २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की अध्यापन म्हणजे केवळ तासाची घंटा नव्हे. मात्र जेवढं शिकवायला लागतं तेवढंच घ्यावं. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. तुमच्या स्टाफरूममध्ये कुणी धाक घातला, तर हा निकाल जरूर सांगा.

चूक माझ्याकडून पुढे झाली. तीच प्रकरणं स्कॅन करून मी सर्वांसाठी खुल्या टेलिग्राम चॅनलवर टाकली, खाली लेखकाचं नाव आणि ‘साभार’. प्रकाशकाचा फोन आला. ‘साभार’ लिहिणं म्हणजे परवानगी नव्हे, हे तेव्हा कळलं. त्याच दिवशी फाइल काढली. आता असं साहित्य गूगल क्लासरूमवर, फक्त माझ्या वर्गापुरतं देते.

मराठी शिकवणाऱ्यांसाठी आणखी एक. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. केशवसुत १९०५ साली गेले, त्यांच्या कविता खुल्या आहेत. आपले तात्यासाहेब, कुसुमाग्रज, १९९९ साली गेले. त्यांच्या साहित्यावर २०५९ अखेरपर्यंत हक्क आहे. २७ फेब्रुवारीला महाविद्यालयात मुलांनी, पालकांसमोरसुद्धा, त्यांच्या कविता म्हटल्या तर कायद्याची आडकाठी नाही. त्याचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकायचं असेल, तर आधी हक्कधारकांना पत्र लिहा, आणि ते जानेवारीतच लिहा. उत्तर यायला वेळ लागतो.