पैलवान मानेवर पडला तर पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं

कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान असो की तालमीतला मातीचा हौदा, पैलवान मानेवर आपटला की चारजण धावतात आणि बगलेत धरून उठवतात. हेच घातक. मणका मोडला असेल तर या ओढाताणीत मज्जारज्जू दुखावून हातपाय कायमचे जाऊ शकतात.

कुस्ती थांबवा, गर्दी मागे सारा. एकानं डोक्याशी गुडघ्यावर बसून दोन्ही तळव्यांनी डोकं आहे तसंच धरावं आणि सांगावं, "हलू नको, फक्त बोल." बोटं हलतात का, मुंग्या येतात का, विचारा. पाणी पाजू नका. दुसऱ्यानं 108 ला फोन लावावा.

उत्तर नसेल तर दहा सेकंदांत श्वास तपासा. आचके म्हणजे श्वास नव्हे. तोंडात दिसणारी तांबडी माती काढा, बोट खोल घालू नका. श्वास बंद असेल तर आधी जीव, मग मान: छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. हौद्यातली माती भुसभुशीत, अंग खाली रुततं. छाती खरंच दबतेय ना, ते बघत जोर लावा. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला.

शुद्धीवर आला तरी त्या दिवशी पुन्हा लंगोट नाही, वस्ताद म्हणाले तरी.