इंग्रजीतला ‘ओन्ली’ कुठे वापरायचा, कुठे नाही

कोल्हापुरात महाद्वार रोडवर अंबाबाईच्या देवळाचा पत्ता विचारणाऱ्या पाहुण्याला हमखास उत्तर मिळतं, ‘टेम्पल इज हिअर ओन्ली.’ पाहुणा पुण्याचा असेल तर समजून घेतो. लंडनचा असेल तर घोटाळतो, कारण त्याच्या लेखी याचा अर्थ ‘देऊळ फक्त इथं आहे, आणखी कुठेच नाही’ असा होतो.

घोळ आपल्या ‘च’मुळे होतो. ‘मी तांबडाच रस्सा घेणार’ म्हणताना आपण पांढरा वगळतो. ‘देऊळ इथंच आहे’ म्हणताना काहीच वगळत नाही, नुसता जोर देतो. ओन्लीला मुख्यतः वगळायचं काम जमतं.

पायरी 1. वाक्य आधी मराठीत म्हणा, ‘च’ काढा आणि ‘फक्त’ घालून बघा. ‘मी फक्त तांबडा रस्सा घेणार’ : अर्थ टिकला, ओन्ली चालेल. ‘देऊळ फक्त इथं आहे’ : अर्थ बिघडला, ओन्ली टाकून द्या आणि ‘द टेम्पल इज राइट हिअर’ म्हणा. ‘मीटिंग उद्याच आहे’ याचंही ‘टुमारो ओन्ली’ करू नका. नुसतं ‘टुमारो’ म्हणा आणि आवाजात जोर द्या. या चाचणीला एक ठळक अपवाद आहे. ‘तो कालच आला’ हे वाक्य तिथं नापास होतं, तरी ‘ही केम ओन्ली यस्टरडे’ अस्सल इंग्रजी आहे. ‘इतक्यात, अगदी अलीकडे’ हा अर्थ ओन्लीला चालतो.

पायरी 2. आता जागा. खरी गंमत इथं आहे. ‘फक्त’ ज्या शब्दाला लागू पडतो, त्याच्या लगेच आधी ओन्ली बसवा. चप्पल लाईनमधल्या एखाद्या दुकानाची पाटी धरा:

‘ओन्ली वुई सेल लेदर चप्पल्स’ : चामड्याच्या चपला फक्त आम्ही विकतो. शेजारचे भांडायला येणार.

‘वुई सेल ओन्ली लेदर चप्पल्स’ : फक्त चामड्याच्या विकतो, रबरी मागू नका.

‘वुई ओन्ली सेल लेदर चप्पल्स’ : काटेकोर वाचलं तर, नुसत्या विकतो; तुटलेला अंगठा शिवून मिळणार नाही.

बोलताना मात्र इंग्रज माणूससुद्धा ओन्ली सर्रास क्रियापदाआधी टाकतो आणि हव्या त्या शब्दावर जोर देतो. त्याला चूक म्हणणं हा मास्तरी हट्ट झाला. अर्ज, करार, जाहिरात यांत आवाज ऐकू येत नाही, म्हणून तिथं जागा सांभाळा.

आणि व्याकरणाबरोबर दावाही तपासा. ‘कोल्हापुरी चप्पल्स आर मेड ओन्ली इन कोल्हापूर’ यात ओन्ली अगदी जागेवर आहे, पण विधान खोटं आहे. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार.

पायरी 3. पाटीवर ओन्ली शेवटी चालतो: ‘लेडीज ओन्ली’. चेकवर अक्षरी रकमेनंतर तो लिहितात, कारण मग पुढे कुणाला शब्द वाढवता येत नाही. मराठीत तिथं ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ असतो.

पायरी 4. ‘अमुक झाल्यावरच’ अशी सुरुवात ओन्लीनं केली, की पुढे प्रश्नासारखी रचना येते. खासबागेतल्या पैलवानाबद्दल लिहायचं तर ‘ओन्ली आफ्टर द बाउट डिड ही ड्रिंक वॉटर’, म्हणजे कुस्ती झाल्यावरच तो पाणी प्यायला. ‘ओन्ली ही केम’मध्ये ओन्ली कर्त्यालाच लागलाय, तिथं काही उलटत नाही.

पायरी 5. ‘ओन्ली इफ’ आणि ‘इफ ओन्ली’ यांची गल्लत नको. पहिल्यात अट आहे: ‘ओन्ली इफ इट रेन्स’, पाऊस पडला तरच. दुसऱ्यात हळहळ: ‘इफ ओन्ली इट वुड रेन’, पाऊस पडता तर! जुलैत पंचगंगा पात्राबाहेर आल्यावर सरावाला हे वाक्य घेऊ नका. तेव्हा ‘इफ ओन्ली इट वुड स्टॉप’ म्हणा.