घरात राजकारणावरून वाजलंय? आधी बाबांच्या बाजूनं सोळा बार लिहा

हे त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी एक फॉरवर्ड पडतो आणि मग रात्री जेवताना "भाजी दे" सोडून कुणी काही बोलत नाही. पुण्यात असं घर शोधायला लांब जायला नको. २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, २०२४ च्या लोकसभेला बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या, मग आमच्या धायरीच्या टू बीएचकेत बाबा एकीकडे, काका दुसरीकडे आणि मी दोघांच्याही डोक्यात जाणारा, यात नवल काय. मी रॅप लिहितो, फार मोठा कोणी नाहीये, मित्रांसोबत झेड ब्रिजवर सायफर (गोल करून आळीपाळीनं रॅप) करतो तेवढंच. पण या राड्यात जे लागू पडलं ते सांगतो.

करायचं एवढंच की ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या तोंडून, "मी" म्हणून, आधी सोळा बार, म्हणजे रॅपच्या सोळा ओळी, लिहायचे. आपला व्हर्स, म्हणजे कडवं, नंतर. बहुतेक पोरं उलटं करतात, भांडण झालं की रूमचं दार आपटायचं आणि फोनवर नोट्स उघडून बापाला डिस करायचं, म्हणजे रॅपमध्ये खाली पाडायचं, त्यात मजा येते हे खरंय पण त्यातून आपल्याला नवीन काहीच कळत नाही, जे जेवताना ओरडलो तेच यमक लावून परत. रॅपच्या बॅटलला, म्हणजे समोरासमोरच्या सामन्याला, कधी उभे राहिला असाल तर माहिती असेल, समोरच्याचा राऊंड कान देऊन ऐकला नाही तर आपलं उत्तर हवेत जातं. आपल्याकडे तमाशातले सवाल-जवाब पण असेच, सवाल समजला नाही तर जवाब कशाचा देणार.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. बीट साधा घ्या, बूम बॅप (हिपहॉपचा जुना, ठसठशीत ढोलाचा ठेका), नव्वद बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला नव्वद ठोक्यांच्या आसपास. ट्रॅप सध्या नको, त्यातल्या हाय-हॅटच्या (झांजेच्या) भरभर टिकटिकीच्या नादात माणूस शब्द कोंबत सुटतो. एका बारमध्ये चार ठोके, सोळा बार म्हणजे चौसष्ट ठोके, नव्वदच्या स्पीडला साधारण ४३ सेकंद. एवढ्यात बाबांचं अख्खं आयुष्य बसत नाही आणि तेच बरंय, एक प्रसंग निवडावाच लागतो. बीट नसेल तर तबल्याच्या अ‍ॅपवर केहरवा लावा, आठ मात्रांचा आहे, चारच्या हिशोबात मस्त बसतो. आधी टाळी वाजवत नुसतं बोलून बघा, लिहायची घाई नको.

भाषा कुठली? ज्या भाषेत घरात भांडता ती. ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन २०२३ ला बिग बॉस जिंकला तेव्हापासून पुण्यातल्या निम्म्या पोरांना वाटतं की त्याच्यासारख्या हिंदीतच लिहिलं तर भारी. त्याची ती भाषा आहे राव, त्याच्या वस्तीतली, म्हणून ती खरी वाटते. तुमचे बाबा "हे बघ, मला अक्कल शिकवू नकोस" मराठीत म्हणतात ना, मग मराठीत लिहा.

मराठीत एक लोचा आहे मात्र. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे जातो-खातो-येतो-बोलतो अशी यमकं फुकटात मिळतात आणि सोळाच्या सोळा ओळी "तो" वर आपटतात. ऐकणाऱ्याला चौथ्या ओळीलाच पुढचं कळतं. म्हणून क्रियापद मध्ये ढकला आणि शेवटाला वस्तू आणा, डबा, हाक, चावी, पगार असलं काहीतरी. यमक फक्त ओळीच्या शेवटीच लागतं असंही नाही. मोठ्या अभंगात बघा, सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, शेवटचा चार अक्षरांचा तुकडा मोकळा सुटतो. त्या मोकळ्या तुकड्यात श्वास घ्यायला पण जागा मिळते आणि पंच, म्हणजे टोला, पण तिथंच बसतो. देहू इथून तासाभरावर आहे आणि आपण फ्लो, म्हणजे शब्द तालावर सोडायची पद्धत, शिकायला अमेरिकेचे ट्यूटोरियल बघतो, असो.

आता खरी अवघड गोष्ट, लिहायचं काय. बाबांच्या बाजूनं लिहा म्हटलं की पहिल्या झटक्यात त्यांचं मत लिहिलं जातं, "अमुक नेता चांगला, तमुक पक्ष भ्रष्ट". ते खोडा. मत कुठून आलं ते लिहायचंय. त्यासाठी त्यांना विचारावं लागतं आणि इथंच सगळे अडकतात, कारण "तुम्ही त्यालाच का मत देता" असं विचारलं की ती उलटतपासणी होते. तसं नका विचारू. "बाबा, तुम्ही पहिल्यांदा मतदान केलं तेव्हा कुठं राहायचो आपण?" असं विचारा. किंवा "त्या साहेबांना तुम्ही कधी समोरून बघितलंय का?" चहाच्या वेळेला विचारा, बातम्या चालू असताना अजिबात नाही. आणि ते बोलत असताना मध्ये फॅक्टचेक करायचं नाही, साल चुकलं तरी गप्प बसायचं, हे सगळ्यात जड जातं, सांगून ठेवतो.

माझे बाबा चिंचवडच्या एका कंपनीत होते, आता रिटायर झालेत. मला वाटायचं ते व्हॉट्सअ‍ॅप वाचून कट्टर झालेत. विचारल्यावर निघालं ते असं, माझ्या व्हर्समधल्या चार ओळी देतो:

पाच चाळीसची बस, चौकात उभा, हातात डबा
युनियनच्या मीटिंगला सगळ्यात मागं माझी जागा
साहेब थांबले, नाव घेऊन मारली मला हाक
त्या एका हाकेपुढं तुझं फॅक्टचेक सगळं खाक

म्हणजे बघा, मी त्यांच्याशी जीडीपीवर भांडत होतो आणि ते भांडत होते त्या हाकेसाठी. मला त्यांचा नेता आजही पटत नाही, मत मी माझंच देणार. पण नेत्याला शिवी घातली की त्यांचा चेहरा का पडतो ते आता दिसतं, आणि दिसल्यावर तोंडातून तीच शिवी तितक्या सहज निघत नाही.

घरच्यांवर लिहायचं म्हणजे फक्त गोड लिहायचं असंही नाही. १९९५ चं अमेरिकन रॅपर टुपाकचं आईवरचं गाणं काढून ऐका. त्याची आई अफेनी शकूर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीतली, तो पोटात असताना ती तुरुंगात होती, तिनं कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि ती सुटल्यावर साधारण महिन्याभरानं, जून १९७१ ला, हा जन्मला. पुढं ती ड्रग्जमध्ये अडकली. गाण्यात तो ते लपवत नाही आणि त्याच गाण्यात तिचे आभारही मानतो. तक्रार एका गाण्यात आणि प्रेम दुसऱ्या गाण्यात अशी वाटणी केलेली नाही. तुमच्या व्हर्समध्ये दोन्ही जवळजवळ असू द्या. तसंही हिपहॉप घरच्या भानगडीतूनच आलंय, ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये सिंडी कॅम्पबेलला शाळा सुरू व्हायच्या आधी कपड्यांना पैसे हवे होते म्हणून तिनं बिल्डिंगच्या हॉलमध्ये तिकीट लावून पार्टी ठेवली आणि भावाला रेकॉर्ड लावायला बसवलं, तो भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क, आणि त्या पार्टीतूनच हिपहॉप सुरू झालं असं मानतात. बहिणीच्या कामाला भाऊ आला, एवढंच.

आता तुमचा स्वतःचा व्हर्स. एकच चाळणी लावा, प्रत्येक ओळीचा फोटो काढता आला पाहिजे. "मला घरात कुणी समजून घेत नाही" याचा फोटो निघत नाही. "मी बोलायला लागलो की बाबा पेपर वर उचलतात" याचा निघतो. राग, दुःख, एकटेपणा असले शब्द पहिल्या ड्राफ्टमध्ये चालतील, दुसऱ्यात एकेक करून काढा आणि त्या जागी काय घडलं, कुठल्या खोलीत घडलं ते ठेवा. हे करताना कधी कधी कळतं की आपण राजकारणावर चिडलोच नव्हतो, नोकरी सोडली तेव्हा घरात कुणी दोन शब्द बोललं नाही ते आत बसलेलं असतं आणि निघतं मात्र टोल आणि मेट्रोवरून.

नेत्यांची नावं घ्यायची का? घरात ऐकवायचं असेल तर गरज नाही. बाहेर टाकणार असाल तर डोळे उघडे ठेवून टाका, एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपर्सवर सरकारवर टीका करणाऱ्या गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले होते. घाबरा असं नाही म्हणत, शाहिरांनी कधी परवानगी मागितली नव्हती. पण काय केलं ते बोला, कोण आहे त्यावर नको. जात आणि आई-बहीण यातलं काही आलं की तुमचा मुद्दा तिथंच मेला. आणि बाबांचा व्हर्स त्यांना विचारल्याशिवाय रीलला टाकायचा नाही म्हणजे नाही.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. पंखा बंद, कपाटाचं दार उघडं, लटकवलेल्या कपड्यांकडे तोंड, फोन एक वीतभर लांब. कपडे आवाज पिऊन टाकतात, घुमत नाही.

ऐकवताना पाहुण्यांसमोर स्पीकरवर लावू नका. बाबांना कागदावर लिहून द्या आणि तुम्ही तिथून उठा. ते कौतुक करणार नाहीत, चूक काढतील. माझ्या बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "पाच चाळीस नाही, पाच वीसची बस होती." वाद नको, बदला. "पाच वीस" मध्ये एक अक्षर कमी पडतं, तेवढा एक श्वास घ्या, ओळ उलट चांगली बसते.

काकांचा व्हर्स मात्र माझ्याकडून अजून होत नाहीये. दुसऱ्या ओळीतच त्यांच्या तोंडून मी बोलायला लागतो.