टेकडी बुटकी दिसते म्हणून होणाऱ्या चुका

विदर्भातल्या बऱ्याच टेकड्या सहज चढून होतात, म्हणूनच माणूस तयारीविना निघतो. इथं चढापेक्षा ऊन आणि जंगल जास्त छळतं.

सगळ्यात महागाची चूक म्हणजे उन्हाळ्यात नऊला चढायला लागणं. सागाची सावली असेल हे गृहीतच चुकीचं, कारण तोवर पानं गळालेली असतात आणि काळा दगड खालूनही भाजतो. उजाडल्यावर निघा, साडेदहापर्यंत पायथ्याशी या. मात्र मार्च-एप्रिलात झुंजुमुंजूला घाई नको. मोहफुलं खायला अस्वल तेव्हाच झाडाखाली येतं, आणि अचानक समोर आलेला माणूस दिसला की बिथरून अंगावर धावतं. बोलत चाला, कानात हेडफोन नको.

पाणी माणशी 4 लिटर. झऱ्यांचा भरवसा धरू नका, ते आटलेले असतात. अर्धं पाणी संपलं की शिखर समोर दिसत असलं तरी माघारी फिरा. घामासोबत मीठही जातं, म्हणून एका बाटलीत 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवा. कोणी असंबद्ध बडबडायला लागला, अंग तापलं, तर थकवा समजून बसवून ठेवू नका. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, मान, काखा, जांघा ओल्या करून दुपट्ट्यानं वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

उतरताना घाईही नडते. मुरमावर सागाचा पाचोळा साचला की पाय सरकतो, खाली घोणसही असू शकते. आधी काठी टेकवा, मग तिरपं पाऊल टाका.

गाविलगड, नरनाळ्यासारख्या किल्ल्यांवर आग्यामोहोळं असू शकतात. तिथं धूर, अत्तर, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून पळत सुटा. हात झटकत उभं राहिलं की जास्त डंख बसतात. काटा नखानं लगेच खरवडून काढा.

दोन्ही किल्ले मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहेत. गेटवर नोंद न करता आडवाटेनं घुसलात, तर शोधायचं कुठं हे कोणालाच कळत नाही. रेंज नसेल तिथं मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर रेंज शोधण्यातच बॅटरी संपते.