गाडीच्या जुन्या रेडिओचा कोड भरण्यापूर्वीची तयारी

बॅटरी पूर्ण उतरली किंवा बदलली की गाडीबरोबर कारखान्यातूनच आलेला जुना रेडिओ त्याचा चोरीविरोधी कोड मागू लागतो आणि तो भरेपर्यंत वाजत नाही. कोणाच्या डिस्प्लेवर ‘कोड’ असा शब्द येतो, कोणाच्या ‘सेफ’. वीज तुटली एवढेच रेडिओला कळते. ती चोराने तोडली की मालकाने, हे त्याला कळत नाही. मागच्या वेळी मी कसलीही तयारी न करता गाडीत बसलो, दोनदा चुकीचा कोड भरला आणि रेडिओला कुलूप लावून घेतले. त्यानंतर तासभर थांबायचे होते. पन्नासाव्या मिनिटाला डिस्प्ले मंद होत होत विझला, कारण ज्या बॅटरीच्या भरवशावर मी रेडिओ चालू ठेवला होता ती आधीच दमलेली होती. मुदत पुन्हा पहिल्या मिनिटापासून सुरू झाली. म्हणून या यादीत पहिला मान चार्जरचा आहे आणि त्याचे नाव पुढेही पुन्हा पुन्हा येईल.

चार्जर आधी लावावा, म्हणजे पहिला आकडा दाबण्याच्याही आधी. बहुतेक वेळा बॅटरी कमजोर झाल्यामुळेच हा प्रसंग उद्भवलेला असतो, आणि आपण त्याच बॅटरीवर, इंजिन बंद ठेवून, किल्ली फिरवून तासभर बसण्याच्या बेतात असतो. दुसऱ्या गाडीवरून तारा जोडून इंजिन सुरू केले आणि दहा मिनिटे चक्कर मारली की बॅटरी भरली असे वाटते. ती भरलेली नसते. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून काही तास तशीच राहिली असेल तर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. तो १२ च्या खाली असेल तर तिच्यात फारसे काही उरलेले नाही असे समजावे. चार्जर चार-पाच अँपिअरचा असावा. उभ्या गाडीची बॅटरी नुसती टिकवून धरणारा, एक अँपिअरच्या आतला छोटा चार्जर येथे पुरत नाही, कारण किल्ली चालू असताना गाडी त्याहून जास्त वीज ओढते. काही स्वयंचलित चार्जर अगदी तळाला गेलेली बॅटरी भरायलाच घेत नाहीत, तेव्हा चार्जरवरचा दिवा लागला म्हणजे काम झाले असे न मानता व्होल्टेज प्रत्यक्ष चढताना पाहावे. भरताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, म्हणून जागा हवेशीर असावी आणि ठिणगी टाळण्यासाठी चिमटे आधी जोडून भिंतीवरचे बटण नंतर दाबावे.

दुसरे, बिघाड खरोखर कोडचाच आहे का, हे पाहून घ्यावे. रेडिओला दोन वाटांनी वीज मिळते. एक तार किल्लीबरोबर चालू-बंद होते आणि दुसरी कायम जिवंत राहून रेडिओची मेमरी जपते. किल्ली काढल्यावर दर वेळी कोड मागितला जात असेल तर ही दुसरी तार तुटली आहे, तिचा फ्यूज उडाला आहे किंवा बॅटरीचे टर्मिनल सैल आहे. हे दुरुस्त केल्याशिवाय बरोबर कोड भरला तरी पुढच्या वेळी रेडिओ तो पुन्हा मागणारच.

कोड कोठे असतो हे सर्वांना ठाऊक आहे: पुस्तिकेबरोबरचे कार्ड, ग्लोव्ह बॉक्समधला स्टिकर, सर्व्हिस बुक. सापडला की तो नव्या कागदावर मोठ्या आकड्यांत उतरवून घ्यावा आणि उतरवताना प्रत्येक आकड्यावर शंका घ्यावी. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने पुस्तिकेच्या आतल्या पानावर पेन्सिलीने कोड लिहून ठेवला होता. त्यातल्या इंग्रजी एकची वरची रेघ इतकी लांब ओढलेली होती की मी दोन्ही वेळा तो सात समजून भरला. त्याच पानावर खाली लिहिलेल्या तारखेत पोटावर आडवी रेघ असलेला खरा सात होता. तो पाहिला असता तर दोन्ही चुका टळल्या असत्या. हाताने लिहिलेला कोड असेल तर त्याच हाताचे इतर आकडे शोधून ताडून पाहावेत. होंडाच्या जुन्या रेडिओंत कोड १ ते ६ याच बटणांनी भरतात, त्यामुळे कागदावर सात, आठ, नऊ किंवा शून्य दिसले तर तो कोड नव्हे, दुसराच कसला तरी नंबर आहे.

कोड सापडलाच नाही तर रेडिओचा सिरीयल नंबर लागतो. कोड रेडिओचा असतो, गाडीचा नव्हे, हे पक्के लक्षात ठेवावे. पूर्वी कोणी दुसऱ्या गाडीतला रेडिओ आणून बसवला असेल तर गाडीच्या चासी नंबरावरून मिळालेला कोड त्याला चालणार नाही. काही रेडिओ आपला नंबर डिस्प्लेवरच दाखवतात. फोर्डच्या अनेक जुन्या रेडिओंत १ आणि ६ ही बटणे एकत्र दाबून धरली की तो दिसतो. होंडाच्या काही रेडिओंत तीच दोन बटणे दाबून ठेवून रेडिओ चालू केला की आठ आकडे चार-चारच्या दोन तुकड्यांत येतात. इतरांसाठी रेडिओ बाहेर ओढून अंगावरचा स्टिकर वाचावा लागतो. रेनोच्या अनेक जुन्या रेडिओंवर त्यासाठी एक अक्षर आणि तीन आकडे छापलेले असतात. रेडिओच्या दोन्ही कडांना दोन-दोन बारीक छिद्रे असतील तर त्यांत घालायच्या, इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवलेल्या तारा मिळतात, त्या आधी आणून ठेवाव्यात. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये, आतल्या पट्ट्या वाकतात आणि रेडिओ अडकून बसतो. स्टिकरचा फोटो काढावा आणि तो मोठा करून शून्य आणि ओ, आठ आणि बी नीट वेगळे दिसतात का हे पाहूनच रेडिओ आत सरकवावा. अधिकृत विक्रेत्याकडे जाताना गाडीच्या मालकीचे कागद आणि ओळखपत्र बरोबर न्यावे.

किती चुका चालतात हेही बसण्यापूर्वी पुस्तिकेत वाचून घ्यावे. फोक्सवॅगनच्या अनेक जुन्या रेडिओंत दोन चुकांनंतर सुमारे तासभराचे कुलूप लागते. होंडात दहा संधी मिळतात आणि मग एक तास. रेनोत थांबण्याचा काळ प्रत्येक चुकीनंतर दुप्पट होतो, १ मिनिटापासून ३२ मिनिटांपर्यंत. भरण्याची रीतही निरनिराळी असते. कोठे आकड्याचे बटण एकदाच दाबायचे, तर कोठे डिस्प्लेवर १००० येते आणि पहिली चार बटणे पुन्हा पुन्हा दाबून एकेक आकडा वाढवत न्यायचा. शेवटी कोणते बटण दाबून धरायचे हे माहीत नसताना कोड भरायला बसणे म्हणजे एक संधी फुकट घालवणे होय. अंदाजाने आकडे भरू नयेत. अजिबात भरू नयेत.

आता कुलूप लागलेच, तर पुन्हा चार्जर. रेडिओ बंद करून रात्रभर झोपल्याने ही मुदत सरत नाही. ती रेडिओ चालू असतानाच मोजली जाते, आणि होंडाच्या पुस्तिकेत तर रेडिओ तासभर चालू ठेवा असेच लिहिलेले असते. किल्ली ॲक्सेसरीवर, म्हणजे इंजिन बंद पण रेडिओ चालू राहील अशा खुणेवर, ठेवावी, कारण काही रेडिओ किल्ली काढलेली असली की ठरावीक वेळाने आपोआप बंद होतात. दिवे आणि पंखा बंद, दारे लावलेली. मध्येच बॅटरीची काळजी वाटली म्हणून इंजिन सुरू करू नये: स्टार्टर फिरतो तेवढ्या क्षणात बहुतेक गाड्यांत रेडिओची वीज तुटते आणि सगळा हिशेब शून्यावर येतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे तर थेट जिवावर बेतते. चार्जर पहिल्या मिनिटापासून लावलेला असेल तर यातले काहीच करावे लागत नाही, आणि लावलेला नसेल तर मुदत मोजायला सुरुवातच करू नये. घड्याळ पाहून साठऐवजी सत्तर मिनिटे द्यावीत.

मग कोड भरावा. लागला की घड्याळ आणि स्टेशने लावून घ्यावीत. कोडचा फोटो गाडीबाहेर कोठे तरी ठेवावा. बॅटरी बदलायची असेल तर कोड हातात आल्यावरच पाना उचलावा. चार्जर बॅटरी भरेपर्यंत राहू द्यावा. काढताना आधी भिंतीवरचे बटण बंद करावे आणि मग चिमटे काढावेत.